रोजच्या टर्बो गाडीसाठी हलकं फ्लायव्हील: किती हलकं आणि कुठून हलकं

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला बसवलेली जड चकती, जिच्यावर क्लच पकडतो. ते हलकं बसवून इंजिनाची ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. इनर्शिया पद्धतीच्या डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा थोडा चढलेला दिसतो, कारण तिथे मोजणी चालू असताना इंजिन वेग घेत असतं आणि स्वतःचंच फ्लायव्हील फिरवण्यात जाणारी ताकद वाचते. तेच इंजिन ब्रेक पद्धतीच्या डायनोवर स्थिर आरपीएमला धरून मोजलं की जुना आकडा परत येतो. बदलतो तो इंजिनाचा स्वभाव. आरपीएम पटकन चढतात, पटकन उतरतात आणि गिअर खाली टाकताना इंजिनाचा वेग जुळवणं सोपं जातं.

हे कुणाला हवंसं वाटेल. पण इंदूरमध्ये सकाळी राऊहून पलासिया, संध्याकाळी जवाहर मार्गावरून रांगत घर आणि महिन्यातून एखादा रविवार मांडूचा, असा ज्या गाडीचा दिनक्रम आहे तिच्यासाठी 'सगळ्यात हलकं कोणतं' हा प्रश्नच चुकीचा आहे. टर्बो इंजिन १,००० ते १,५०० आरपीएमच्या पट्ट्यात, म्हणजे बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेली जादा हवा) यायच्या आधी, एक लहान आणि थोडं अशक्त इंजिन असतं. त्या पट्ट्यात गाडी जागेवरून हलवायला फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाच हात देते. ती किती ठेवायची हे आधी ठरवा. वजन किती काढायचं ते त्यातूनच ठरतं.

आधी आकडे समजून घ्या

फ्लायव्हीलच्या बाबतीत किलोपेक्षा त्याचं फिरतं जडत्व, म्हणजे इनर्शिया, महत्त्वाची. ती वजनाच्या प्रमाणात वाढते, पण केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केंद्रापासून १२ सेंटिमीटरवरचा एक किलो काढला तर ६ सेंटिमीटरवरच्या एक किलोच्या चौपट फरक पडतो. म्हणून ६ किलोची दोन फ्लायव्हील गाडीत अगदी वेगळी वागू शकतात. एकाची कड पातळ केलेली असते, दुसऱ्याच्या मधल्या भागात भोकं पाडलेली असतात. दुकानदार फक्त वजन सांगत असेल तर त्याने अर्धीच माहिती दिली आहे.

८ किलोचं, २६ सेंटिमीटर व्यासाचं फ्लायव्हील साध्या चकतीसारखं धरलं तर त्याची इनर्शिया साधारण ०.०६८ किलो-मीटर वर्ग येते. १,२०० आरपीएमवर त्यात सुमारे ५४० ज्यूल ऊर्जा असते. त्याच आकाराचं ५ किलोचं घेतलं तर उरतात ३३० ज्यूल. १,२०० किलोची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाला न्यायला साधारण १,१५० ज्यूल लागतात. म्हणजे मूळ फ्लायव्हील त्यातला जवळजवळ अर्धा वाटा नुसत्या साठ्यातून उचलू शकतं, हलकं जेमतेम पाव. ही उणीव क्लच आणि रेस वापरून तुमच्या पायाला भरून काढावी लागते. चढावर तर आणखीच.

आता दुसरी बाजू. इनर्शिया ०.०२ ने कमी केली, पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १४ आणि टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर वेग घेताना गाडी सुमारे ४४ किलोने हलकी झाल्यासारखी वागते. तिसऱ्या गिअरमध्ये (एकूण ५.२) हा फायदा ६ किलोवर येतो आणि पाचव्यात (३.२) २ किलोवर. म्हणजे सुपर कॉरिडॉरवर चौथ्या-पाचव्यात ओव्हरटेक करताना हलक्या फ्लायव्हीलचा काडीचा उपयोग नाही. फायदा सगळा पहिल्या-दुसऱ्यात, आणि जाच सुरू होतो तोही तिथेच.

टर्बोचं एक वैशिष्ट्य इथे जोडून घ्या. खालच्या गिअरमध्ये इंजिन जितक्या झपाट्याने आरपीएम चढतं, तितका टर्बोला वेग पकडायला वेळ कमी मिळतो. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्यात बूस्ट किंचित वरच्या आरपीएमला आल्यासारखं वाटतं. गिअर बदलतानाही आरपीएम चटकन पडतात. हात सावकाश असेल तर पुढच्या गिअरमध्ये क्लच सोडताना झटका बसतो आणि इंजिन बूस्टच्या खाली सापडतं.

पायरी १: तुमच्या गाडीला हे बसवायचं का?

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. काही गाड्यांच्या बाबतीत आमचं उत्तर सरळ 'नको' असं आहे.

तीन सिलिंडरची लहान टर्बो पेट्रोल इंजिनं, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय, मारुतीचं १.० बूस्टरजेट, ह्युंदाईचं १.० टर्बो, टाटाचं १.२ टर्बो: यांच्यात दर २४० अंशांनी एक स्फोट होतो. चार सिलिंडरमध्ये तो दर १८० अंशांनी होतो. दोन ठोक्यांमधली पोकळी मोठी, म्हणून ती भरून काढायला फ्लायव्हीलची गरजही मोठी. हलकं केलं की आयडलला थरथर, एसीचा कॉम्प्रेसर लागताना आरपीएमची गटांगळी, आणि विजयनगर चौराह्यावर सिग्नल सुटताना इंजिन बंद. फायदा काहीच नाही असं नाही, पण सौदा महागाचा.

डिझेल: नको. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त असतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याचा धक्का मोठा. शिवाय ताकद खालच्याच आरपीएमला वापरायची असते.

डीएसजी, डीसीटी, एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेले गिअरबॉक्स: विषय बंद. तिथे क्लच पकडणं-सोडणं कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याचं गणित मूळ इनर्शियावर बसवलेलं असतं.

उरतात ती मॅन्युअल गिअरबॉक्सची, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल इंजिनं: लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंतोचं १.४, लॉरा-ऑक्टाव्हियाचं १.८ टीएसआय, १.५ टीएसआय, व्हर्नाचं १.५ टर्बो यांसारखी. त्यांच्यासाठी पुढे वाचा. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र थांबा. क्लच, गिअरबॉक्स, क्रँकचा मागचा सील, यातल्या कशाचीही तक्रार घेऊन गेलात तर सर्व्हिस सेंटरचं बोट पहिलं याच बदलाकडे जाईल.

पायरी २: आत सध्या काय आहे ते पाहा

दोन प्रकार असतात. सिंगल मास म्हणजे एकच घट्ट चकती. ड्युअल मास म्हणजे दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये कमानीसारख्या लांब स्प्रिंगा. गिअरबॉक्स उतरवल्यावर ओळखायला सोपं: ड्युअल मासची क्लचकडची चकती हाताने दोन्ही बाजूंना थोडी फिरते आणि स्प्रिंगवर मागे येते. पार्ट नंबरवरून आधीच कळलं तर उत्तमच.

सिंगल मासवरून हलक्या सिंगल मासवर जाणं सरळ आहे. ड्युअल मास काढून सिंगल मास टाकणं हे वेगळं काम आहे आणि नवशिके इथेच फसतात. ड्युअल मासमधल्या स्प्रिंगा इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत, म्हणून त्या गाडीची क्लच प्लेट बहुधा बिनस्प्रिंगची असते. तीच प्लेट घट्ट फ्लायव्हीलवर ठेवली तर धक्के शोषायला मध्ये काहीच उरत नाही. न्यूट्रलमध्ये, क्लच पेडलवरून पाय काढला की गिअरबॉक्समधून खडखड सुरू होते. पेडल दाबलं की थांबते. त्यासाठी स्प्रिंगवाल्या हबची क्लच प्लेट आणि तिला जुळणारी प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) असा पूर्ण संच घ्यावा लागतो. तरीही थोडी खडखड राहतेच. ती सोसायची तयारी नसेल तर नवीन ड्युअल मासच टाका आणि हा विषय सोडून द्या. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ३: किती हलकं

रोजच्या वापरासाठी मूळ इनर्शियाच्या २० ते ३० टक्के कपात, ही आमची मर्यादा. शहरात जास्त चालत असेल तर २० च्या जवळ राहा. निम्म्यावर आणणारी फ्लायव्हील ट्रॅकसाठी असतात. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक शेजारीच आहे म्हणून आपली गाडी त्या वर्गात जात नाही.

विक्रेता इनर्शियाचा आकडा देत नसेल तर तो घरी काढता येतो. फार कमी लोक ही तसदी घेतात, पण अर्ध्या तासाचं काम आहे. प्रेशर प्लेटच्या बोल्टची तीन भोकं अशी निवडा की ती एकमेकांपासून १२० अंशांवर असतील. तीन सारख्या लांबीच्या, न ताणणाऱ्या दोऱ्यांनी (बारीक स्टीलची वायर उत्तम) फ्लायव्हील छताच्या हुकाला नाही, तर वर तेवढ्याच अंतरावर तीन भोकं पाडलेल्या फळीला आडवं टांगा. दोऱ्या सरळ उभ्या हव्यात. मग फ्लायव्हील आपल्याच अक्षाभोवती पाच-सात अंश पिळून सोडा आणि २० हेलकाव्यांचा वेळ मोजा. जाऊन परत आलं की एक हेलकावा. इकडेतिकडे झुलायला लागलं तर थांबवून पुन्हा सोडा.

सूत्र असं: इनर्शिया = (वजन × ९.८१ × भोकांच्या वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग × एका हेलकाव्याच्या वेळेचा वर्ग) ÷ (३९.५ × दोरीची लांबी). वजन किलोत, लांबी मीटरमध्ये, वेळ सेकंदात.

उदाहरणार्थ, दोरी १.५ मीटर, त्रिज्या १२ सेंटिमीटर. ८ किलोच्या मूळ फ्लायव्हीलला २० हेलकाव्यांना ३८ सेकंद लागले तर इनर्शिया ०.०६९. नव्या ६ किलोच्या फ्लायव्हीलला ३६ सेकंद लागले तर ०.०४६. वजन २५ टक्क्यांनी घटलं, इनर्शिया ३३ टक्क्यांनी. म्हणजे वजनावरून जे मर्यादेत वाटत होतं ते प्रत्यक्षात मर्यादेबाहेर आहे.

पायरी ४: धातू

तीन पर्याय समोर येतील, त्यातला एक हातही लावू नये असा.

तो म्हणजे मूळचं ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील खरादावर उतरवून हलकं करणं. सांवेर रोडला उत्तम खरादवाले आहेत, प्रश्न त्यांच्या हाताचा नाही. ओतीव लोखंड दाबाला पक्कं आणि ताणाला कच्चं. २६ सेंटिमीटरच्या फ्लायव्हीलची कड ७,००० आरपीएमला ताशी ३४० किलोमीटरच्या वेगाने फिरत असते आणि कडेवरचा प्रत्येक ग्रॅम स्वतःच्या वजनाच्या सात हजार पटींहून जास्त जोराने बाहेर ओढत असतो. त्यात क्लचच्या उष्णतेने पडलेल्या बारीक चिरा असतील तर तुकडा सुटतो. तो बेलहाउसिंग (फ्लायव्हील आणि क्लचभोवतीचं आवरण) फोडून आत येतो, आणि बेलहाउसिंगच्या मागे तुमचे पाय असतात. पृष्ठभाग साफ करण्यासाठी कंपनीने दिलेल्या किमान जाडीच्या आत राहून हलकी फेसिंग करणं वेगळं, तेवढं चालतं.

दुसरा पर्याय ॲल्युमिनियम, साधारणपणे ६०६१-टी६ मिश्रधातू. क्लच घासतो त्या जागी स्क्रूने बसवलेली स्टीलची चकती असते आणि ती झिजल्यावर बदलता येते. वजन सगळ्यात कमी. अडचण उष्णतेची आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. चकती पातळ, तिच्यात उष्णता लवकर भरते, ती वाकते, स्क्रू ढिले पडायला बघतात. ट्रॅकवर क्लच एकदा सुटला की सुटला, तिथे हे चालून जातं. जवाहर मार्गावर क्लच दर दहा सेकंदांनी अर्धवट दाबलेला असतो.

तिसरा, आणि रोजच्यासाठी आम्ही सुचवू तो, क्रोमोली स्टीलच्या अखंड ठोकळ्यातून मशीन केलेला. बहुधा ४१४० प्रतीचं स्टील. घासण्याचा पृष्ठभाग त्याच धातूचा, सुटं काही नाही.

पण स्टीललाही उष्णतेचा हिशेब चुकत नाही. सपाट रस्त्यावर १,५०० आरपीएम धरून १,२०० किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडली की क्लच पूर्ण पकडेपर्यंत साधारण ७ किलोज्यूल उष्णता तयार होते. निम्मी फ्लायव्हीलमध्ये, निम्मी प्रेशर प्लेटमध्ये. ८ किलोचं फ्लायव्हील त्यामुळे सरासरी १ अंशाने तापतं, ४ किलोचं २ अंशांनी. एका वेळेला हे क्षुल्लक. पण भेरूघाटात भरलेल्या ट्रकमागे चढावर दर मिनिटाला चार-पाच वेळा थांबत-सुटत गेलात, आणि चढावर प्रत्येक वेळी उष्णता याहून बरीच जास्त, तर थंड व्हायला मिळणारा वेळ पुरत नाही. जळका वास, मग क्लच धरताना थरथर, मग पृष्ठभागावर निळे डाग. निळे डाग म्हणजे तिथला धातू कडक झाला. तो भाग पुढे सारखा झिजत नाही आणि थरथर कायमची राहते.

पायरी ५: क्लच सोबतच ठरवा

गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा. फ्लायव्हील आज, क्लच पुढच्या वर्षी, असं करणारा माणूस मजुरी दोनदा देतो.

रीमॅप केलं असेल, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली असेल, तर क्लच किती टॉर्क पेलतो याचा ढोबळ हिशेब करा: २ × घर्षणांक × प्रेशर प्लेटचा दाब × प्लेटची सरासरी त्रिज्या. ऑर्गॅनिक प्लेटचा घर्षणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली तर २७० न्यूटन-मीटर. इंजिन २५० देत असेल तर हे काठावरचं आहे. प्लेट तापली की घर्षणांक पडतो, म्हणून इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या वर २५ ते ३० टक्के राखीव असावेत. ते दाब वाढवून मिळवा. प्लेट मात्र पूर्ण गोलाकार ऑर्गॅनिकच ठेवा. सिरॅमिकच्या चार-सहा गोट्यांची प्लेट एकदम पकडते. हलकं फ्लायव्हील आणि अशी प्लेट एकत्र आली की गाडी सुटते तरी किंवा बंद पडते तरी, मधलं काही नाही. राजवाड्याच्या गर्दीत घरच्या दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला देता येणार नाही.

पायरी ६: विकत घेताना विचारायचं

एसएफआय १.१ प्रमाणपत्र आहे का, हा पहिला प्रश्न. हे मानक फ्लायव्हील आणि क्लचच्या फुटण्याविरुद्धच्या सुरक्षिततेसाठी आहे. शिक्का फ्लायव्हीलवरच असतो. नुसत्या खोक्यावर असेल तर मानू नका.

दुसरं बॅलन्सिंग. जी ६.३ हा दर्जा ६,००० आरपीएमला दिला असेल तर ६ किलोच्या फ्लायव्हीलच्या कडेला जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असमतोल मान्य असतो. जी २.५ असेल तर पाव ग्रॅमहून कमी. जी २.५ मिळालं तर तेच घ्या. काही इंजिनांत क्रँकचा समतोल फ्लायव्हीलवर मुद्दाम ठेवलेल्या जादा वजनाने साधलेला असतो. तुमचं इंजिन तसं असेल तर एरवी निर्दोष असलेलं समतोल फ्लायव्हीलही त्यात हादरे निर्माण करील.

तिसरं, क्रँक सेन्सर. काही इंजिनांत तो फ्लायव्हीलच्या दात्यांवरून किंवा खाचांवरून आरपीएम वाचतो. खाच एका दाताने जरी सरकलेली असली तरी गाडी सुरू होणार नाही किंवा टायमिंग चुकेल.

पायरी ७: बसवण्याआधीची मापं

जुनं आणि नवं फ्लायव्हील टेबलावर शेजारी ठेवा आणि व्हर्नियरने हे तपासा. क्रँकवर टेकणाऱ्या तळापासून घासण्याच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. यात चूक झाली तर रिलीज बेअरिंगचं अंतर बिघडतं आणि क्लच सुटत नाही किंवा पकडत नाही. पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेट बसते ती कड यांच्यामध्ये पायरी असेल तर तिची खोलीही. रिंग गिअरच्या दातांची संख्या, व्यास आणि दातांची तिरपी कड कोणत्या बाजूला आहे ते. ही कड स्टार्टरच्या बाजूला हवी, उलट असेल तर स्टार्टर दात खातो. बोल्टची भोकं, मधलं भोक, डॉवेल पिना. मधलं भोक क्रँकवर हाताने, पण किंचितही न हलता बसायला हवं. सैल बसलं तर केलेलं बॅलन्सिंग वाया.

पायरी ८: बसवणं

१. क्रँकचा मागचा सील तपासा. लाखभर किलोमीटर झाले असतील किंवा तेलाचा थोडासाही ओलावा दिसला तर आत्ताच बदला. सोबत रिलीज बेअरिंग, आणि असेल तर पायलट बेअरिंगही.

२. क्रँकचा फ्लँज आणि फ्लायव्हीलचा तळ दोन्ही ब्रेक क्लीनरने पुसा. रंगाचा कण, गंजाची पापडी, काही राहू नये. नव्या फ्लायव्हीलवर गंजू नये म्हणून लावलेला तेलाचा थर असतो, घासण्याच्या पृष्ठभागावरून तो पूर्ण काढा आणि नंतर तिथे बोट लावू नका.

३. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच. बहुतेक आधुनिक इंजिनांत ते ताणून बसवायचे असतात आणि एकदाच वापरता येतात. क्रँकमधली भोकं आरपार तेलाच्या बाजूला उघडत असतील तर आट्यांवर मॅन्युअलमध्ये सांगितलेलं सीलंट लावा. कॉम्प्रेसरच्या गनने बोल्ट कसू देऊ नका.

४. ताऱ्याच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. फोक्सवॅगन गटाच्या अनेक इंजिनांत ६० न्यूटन-मीटर आणि मग ९० अंश असा हिशेब असतो. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, मेकॅनिकच्या आठवणीतून नको.

५. डायल गेज लावून फ्लायव्हील एक पूर्ण फेरा फिरवा. क्रँक एका बाजूला दाबून धरा, नाहीतर त्याची पुढे-मागे हालचालही मापात येईल. कडेजवळ ०.१ मिलिमीटरच्या आत डगमग असेल तर पुढे जा. जास्त असेल तर काढा, पुसा, पुन्हा बसवा. बहुतेकदा फ्लँजवर राहिलेला कचराच निघतो.

६. क्लच प्लेट सेंटरिंगच्या दांड्यावर बसवा. कोणती बाजू गिअरबॉक्सकडे, ते प्लेटवर लिहिलेलं असतं. स्प्लाइनला ग्रीस नखाएवढंच, उरलेलं पुसून टाका. जास्त लावलेलं ग्रीस उडून प्लेटवर जातं आणि नवा क्लच पहिल्याच आठवड्यात घसरतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक फेरा देत समोरासमोर कसा.

७. गिअरबॉक्स जोडताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. प्लेटचा हब वाकतो. वर गेलेली प्रत्येक पायरी बरोबर असूनही क्लच न सुटण्याचं हे एक नेहमीचं कारण.

पायरी ९: ईसीयू आणि पहिले काही शे किलोमीटर

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, क्रँकच्या वेगातले चढउतार पाहून मिसफायर (सिलिंडरमधलं इंधन नीट न पेटणं) ओळखतो. फ्लायव्हील हलकं झालं की हे चढउतार आपोआप वाढतात आणि इंजिन ठणठणीत असतानाही मिसफायरचा पी०३०० कोड येऊ शकतो. काही गाड्यांत ईसीयू मग त्या सिलिंडरचं इंधनच तोडतो. कोड आला की आधी प्लग आणि कॉइल खरंच ठीक आहेत याची खात्री करा. त्यानंतरच ट्यूनरकडून (ईसीयूची सेटिंग बदलणाऱ्याकडून) मिसफायरची मर्यादा सुधारून घ्या. ती सरसकट बंद करणाऱ्या ट्यूनरपासून दूर राहा, कारण टर्बो इंजिनात खरा मिसफायर कॅटलिटिक कन्व्हर्टर जाळतो. त्याच बैठकीत आयडल ५० ते १०० आरपीएमने वाढवून घ्या. मे महिन्यात बेचाळीस अंशांत एसी पूर्ण चालू असताना याची किंमत कळते.

पहिले ५०० ते ८०० किलोमीटर साधं शहरातलं चालवणं: बरेच गिअर बदल, अर्ध्याहून जास्त रेस नाही, पूर्ण बूस्ट नाही. हायवेला नेऊन किलोमीटर भरण्याने प्लेट बसत नाही, कारण तिथे क्लच वापरातच येत नाही. गाडी जागेवरून सोडताना आता १,२०० ऐवजी १,५०० च्या आसपास आरपीएम लागतील. पायाला हे आठवड्याभरात जमतं. जमत नसेल आणि रोज दोन-तीनदा गाडी बंद पडत असेल, तर फ्लायव्हील तुमच्या वापरासाठी जास्तच हलकं आहे.

काही बिघडलंच तर

आरपीएमबरोबर वाढत जाणारा थरथराट, क्लच दाबला तरी तसाच: फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेटचा समतोल, नाहीतर मधलं भोक सैल. गाडी सोडताना थरथर, एरवी नाही: पृष्ठभागावर तेल, डगमग किंवा इंजिनाचं माउंटिंग. माउंटिंग आधी बघा, ते गिअरबॉक्स न उतरवता दिसतं. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना करकर: उंचीचं माप चुकलं, प्लेट उलटी बसली किंवा क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा. सुरुवात लाइनमधली हवा काढण्यापासून करा. स्टार्ट करताना किंचाळल्यासारखा आवाज: रिंग गिअर आणि स्टार्टर यांच्यातलं अंतर. याकडे दुर्लक्ष केलं तर आधी स्टार्टर जातो, मग रिंग.

हजार किलोमीटरनंतर गाडी रॅम्पवर घेऊन बेलहाउसिंगच्या खालच्या सांध्यावरून कापड फिरवा. इंजिन ऑइल लागलं तर सील किंवा बोल्टच्या आट्यांचं सीलंट, गिअर ऑइल लागलं तर इनपुट शाफ्टचा सील. मूळ फ्लायव्हील भंगारात देऊ नका. ते सिंगल मास आणि सुस्थितीत असेल तर पृष्ठभागाला तेलाचा हात लावून, कागदात गुंडाळून आडवं ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक बहुधा मूळ पार्टच मागतं.